जुन्या अमेरिकन बसच्या फोटोवरून ती शहरातली की उपनगरी कंपनीची, हे कसं ओळखायचं?

बस जनरल मोटर्सची ‘न्यू लुक’ असेल (पुढची काच फुगीर, म्हणून टोपणनाव ‘फिशबोल’), तर आधी मागचं दार शोधा. शहरी बसला मध्यावर किंवा मागे उतरायचं दार सहसा असायचं, कारण दर दोन चौकांना माणसं चढणार-उतरणार. उपनगरी मॉडेलला ते बहुतेक वेळा नसे. प्रवास लांबचा, म्हणून सगळ्या सीट पुढे तोंड केलेल्या, मधल्या वाटेपेक्षा थोड्या उंचावर, आणि वर सामानाचा रॅक. खिडकीतून तो रॅक दिसला तर प्रश्नच मिटला.

मॉडेल नंबर मिळाला तर फोटोचीही गरज नाही. टीडीएच-५३०३ घ्या: टी म्हणजे ट्रान्झिट (शहरी), डी डिझेल, एच हायड्रॉलिक गिअरबॉक्स, ५३ ही अंदाजे आसनसंख्या आणि ०३ मालिका. सुरुवातीला टीऐवजी एस असेल तर गाडी सबर्बन, म्हणजे उपनगरी. पुढे डीच्या जागी ६ किंवा ८ यायला लागलं, ते इंजिनाचे सिलिंडर.

रंगावर मात्र जाऊ नका. जुन्या बस एका कंपनीकडून दुसरीकडे विकल्या जात आणि नव्याने रंगवल्या जात. संग्राहकही हौसेने हवा तो रंग देतात.

‘न्यू लुक’ बस १९५९ साली आली. अमेरिकेत १९७७ पर्यंत आणि कॅनडात थेट १९८६ पर्यंत बनत राहिली. त्यामुळे नुसत्या चेहऱ्यावरून साल सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका.