ड्राइव्ह शून्यावर तरी बेस फाटतोय? पेडल परत करायच्या आधी हे बघा

परत करायची घाई करू नका, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून पेडल बिघडलंय असं मला तरी वाटत नाही. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो: चार तारांचा ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलेली बेस गिटार), नवीन प्रीअँप-डीआय पेडल (बेसचा आवाज घडवून सरळ मिक्सरला पाठवणारा डबा), ड्राइव्हचा म्हणजे मुद्दाम आवाज फाडायचा नॉब पूर्ण खाली, तरी ई ची तार जोरात वाजवली की आवाज फाटतो, घरी छोट्या अँपवर पण आणि हॉलमध्ये मिक्सरमधून पण, अडॅप्टर लोकल घेतलेला, आणि साउंडवाला म्हणतो पेडल फेकून दे.

साउंडवाल्याचं ऐकू नका इतक्यात. पण तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिली आहे, घरी आणि हॉलमध्ये दोन्हीकडे फाटतं. म्हणजे अँपचा स्पीकर, मिक्सर, हॉलची वायरिंग यांच्यावरचा संशय बराच कमी झाला, आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सामान उरलं: बेस, केबल, पेडल, अडॅप्टर. आणि तुमची बोटं, पण त्याकडे नंतर येतो.

आधी कान लावून एकच गोष्ट ऐका. ई ची तार मोकळी जोरात वाजवा आणि पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका. फाटतं ते सुरुवातीच्या ठोक्याला का शेवटच्या शेपटीला? ठोक्याला फाटून मग आवाज साफ होत असेल तर सिग्नल कुठेतरी मावत नाहीये, म्हणजे क्लिपिंग. ठोका ठीक आणि विरताना फर्र फर्र करून मधेच तुटत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय नाहीतर एखादा जॅक सैल आहे, आणि पेडलमध्ये खरंच काही बिघडलं असेल तर ते पण बऱ्याचदा इथेच कळतं. या दोन तक्रारींची औषधं वेगळी आहेत आणि लोक दोन्हीला "डिस्टॉर्शन येतंय" म्हणून मोकळे होतात, मग सगळे नॉब फिरवत बसतात.

दुसरी परीक्षा, बेसचा स्वतःचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणा आणि तेवढ्याच जोरात वाजवा, कमी झालेला आवाज अँपवर वाढवून घ्या. साफ झालं? मग पेडल ठीक आहे, तुम्ही त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल देताय. माझी पैज यावरच आहे, कारण ॲक्टिव्ह बेस आणि ई ची तार या दोन गोष्टी तुम्ही एकाच वाक्यात लिहिल्यात.

का ते सांगतो, थोडं गणित आहे पण सोपं आहे. 9 व्होल्टवर चालणाऱ्या पेडलमध्ये टीएल072 सारखा साधा ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) असेल तर तो पूर्ण 9 व्होल्ट वापरू शकत नाही, वर-खाली दोन्हीकडे साधारण दीड-दीड व्होल्ट सोडावा लागतो, म्हणजे हातात उरतात 6 व्होल्ट पीक टू पीक (लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत). आता समजा बेसमधून जोरात वाजवल्यावर 2 व्होल्ट पीक टू पीक येतायत. बेसवरचा बास नॉब (खालचे सूर वाढवणारा) पूर्ण वर असेल तर तो या 2 व्होल्टमध्ये आधीच धरलेला आहे. मग पेडलवरचा बास पण पूर्ण वर केला, तो 12 डीबी देत असेल तर 12 डीबी म्हणजे चौपट, 2 चे 8 झाले. 8 व्होल्ट 6 मध्ये बसणार कसे, माथा कापला जातो, आणि तोच तुम्हाला ऐकू येतो. ड्राइव्ह शून्यावर आहे की नाही याचा इथे संबंधच नाही. ई ची मूळ फ्रिक्वेन्सी 41 हर्ट्झच्या आसपास आणि तिच्या दुप्पट 82, बहुतेक बास नॉब नेमका याच पट्ट्यात उचल देतात, म्हणून ई वरच फाटतं आणि जी ची तार साळसूदासारखी साफ वाजते.

म्हणून आधी बेसवरचे बास-ट्रेबल नॉब मधल्या खाचेत आणा, पेडलचं ईक्यू (बास, मिड, ट्रेबलचे नॉब) सगळं बारा वाजता म्हणजे मधोमध, आणि तिथून सुरू करा. बास हवा असेल तर एकाच जागी वाढवा. दोन्हीकडे 12-12 डीबी वाढवले तर एकूण सोळापट होतं, एवढं कुठलंच 9 व्होल्टचं पेडल झेलणार नाही. आणि खरं सांगू का, बँडमध्ये बेस ऐकू येत नाही म्हणून लोक बास वाढवतात, ऐकू येतो तो मिडमुळे, म्हणजे मधल्या सुरांमुळे. 500 ते 800 हर्ट्झच्या आसपास थोडं वर करून बघा, ढोलकी-ढोलकसोबत पण वर येतो.

इनपुटला पॅड (आत येणारा सिग्नल कमी करणारं बटण) किंवा ॲक्टिव्ह/पॅसिव्ह असं बटण असेल तर पॅड दाबा किंवा ते ॲक्टिव्हवर टाका, त्यासाठीच दिलेलं असतं. पिकअप (तारांखालचे चुंबक) तारांच्या फार जवळ असतील तर दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे फिरवून खाली घ्या, स्लॅप करणाऱ्यांना (अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्यांना) याचा लगेच फरक पडतो.

एक गोष्ट लोकांना पटत नाही: पेडलची लेव्हल कमी करून हे जात नाही. लेव्हल नॉब बहुतेक पेडलमध्ये सगळ्यात शेवटी असतो, तिथे येईपर्यंत सिग्नल फाटून झालेला असतो, तुम्ही फक्त फाटलेला आवाज बारीक करताय. मात्र लेव्हल कमी करून फाटणं खरोखर गेलं तर मग पेडल नाही, पुढची वस्तू क्लिप होत होती. घरी असं असेल तर अँपच्या इनपुटऐवजी मागच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये लावून बघा, एक प्रीअँप दुसऱ्या प्रीअँपवर चढवायची गरज नसते. हॉलमध्ये असेल तर डीआय आउटची लेव्हल माइकवर आहे का लाइनवर ते बघा, लाइन लेव्हल सरळ माइक इनपुटला गेली की चॅनलचा लाल दिवा पेटलेलाच राहतो, साउंडवाल्याला 20 डीबीचा पॅड दाबायला सांगा. तो म्हणेल ग्राउंड लिफ्ट कर. ग्राउंड लिफ्ट गुणगुण घालवायला असतं, फाटण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

आता समजा शेपटी फाटतेय. मग पॉवर.

बेसमधली बॅटरी आधी काढा. बेसमध्ये केबल लावलेली असेल तोपर्यंत ती बॅटरी चालू असते, जॅकच तिचा स्विच आहे, रात्रभर केबल लावून ठेवली की रात्रभर संपत राहते. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याचं अगदी असंच झालेलं, प्रॅक्टिसला सगळे त्याच्या पेडलकडे बोट दाखवत होते, मागचं झाकण उघडून मल्टिमीटर लावला तर 6.8 व्होल्ट. नवीन अल्कलाइन साडेनवाच्या आसपास दाखवते. बॅटरी बदलली, पेडलला हात पण लावला नाही, विषय संपला. अजून एक, रिचार्जेबल 9 व्होल्टच्या पुष्कळ बॅटऱ्या प्रत्यक्षात 8.4 च्या नाहीतर 7.2 च्या असतात, पाकिटावर 9 व्होल्ट साइझ लिहिलेलं असतं, तेव्हा बारीक अक्षरं वाचा.

मग तुमचा तो अडॅप्टर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो तो 3 ते 12 व्होल्टचा सरकत्या बटणाचा असेल तर त्याच्यावर माझा पहिला संशय. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरला काहीच जोडलं नसताना मीटरवर 12-13 पण दिसतात आणि लोड आला की खाली बसतात, वर 100 हर्ट्झची घरघर मिसळते ती वेगळीच. पेडलच्या खाली किंवा मागे लिहिलेलं असतं किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर आणि मधली पिन निगेटिव्ह का पॉझिटिव्ह, तिन्ही जुळलं पाहिजे. मिलिअँपिअर जास्त चालतात, कमी नाही. आणि कोणी सांगितलं की 18 व्होल्ट लाव, हेडरूम (सिग्नलला मावायची जागा) वाढेल, तर पेडलवर 18 लिहिलेलं असेल तरच लावा, नाहीतर जळू शकतं आणि मग परत पण घेणार नाहीत. पेडलमध्ये बॅटरीची सोय असेल तर अडॅप्टर काढून नवी बॅटरी टाकून वाजवा, उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

हे झाल्यावर पण शंका असेल तर ब्लेंडचा नॉब (बेसचा मूळ आवाज आणि पेडलचा रंगवलेला आवाज किती मिसळायचा ते ठरवणारा) शून्यावर न्या. सॅन्सअँप बेस ड्रायव्हर आणि त्या घराण्यातल्या पेडलमध्ये ब्लेंड शून्यावर नेला की ट्यूब अँपची नक्कल करणारा भाग बाजूला होतो आणि लेव्हल, बास, ट्रेबल तेवढे चालू राहतात. तिथे साफ आलं तर ती खरखर त्या सर्किटचा रंग आहे, तो ड्राइव्ह शून्यावर पण थोडा राहतो, काही लोक तर त्यासाठीच पैसे मोजतात. तुम्हाला नको असेल तर ब्लेंड अर्ध्याच्या खाली ठेवा, नाहीतर सरळ साफ प्रीअँप घ्या, या पेडलशी भांडण्यात अर्थ नाही.

हो, बोटांचं राहिलं. अँप बंद करून बेस नुसता वाजवा आणि कान बॉडीला लावा. ई ची तार फ्रेटवर खडखडत असेल तर ती खडखड पेडलमधून दसपट होऊन येते आणि डिस्टॉर्शनसारखीच वाटते. मग काम पेडलचं नाही, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि नेक सेटअपचं आहे.

एवढं सगळं करून, नवीन बॅटरी, सगळं ईक्यू मधोमध, दुसरी केबल, बेसचा व्हॉल्यूम अर्धा, आणि तरीही हळू वाजवलं तरी फाटत असेल तर मात्र पेडल दुकानात न्या. जाताना फोनवर नुसतं रेकॉर्डिंग नको, ऑडिओ इंटरफेसमधून (बेस कॉम्प्युटरला जोडायचा डबा) पेडल चालू आणि बंद असे दोन तुकडे ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन जा, इंटरफेसचा लाल दिवा पेटू न देता. चालूवाल्या तुकड्यात लाटेचं डोकं सपाट आणि बंदमध्ये गोल दिसलं की दुकानदाराला वाद घालायला जागा राहत नाही. आणि कमेंटमध्ये सांगा ठोक्याला फाटत होतं का शेपटीला.