‘डॉफिन’ हे कुणाचं नाव नव्हे

विचारणा अशी आहे: इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवार्षिक युद्धाबद्दल वाचताना, फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या जोन ऑफ आर्क या मुलीच्या गोष्टीत, ‘डॉफिन राजा’ भेटतो. हे त्याचं नाव की पदवी? आणि मराठीत सरळ ‘युवराज’ म्हटलं तर चालेल का?

पदवी. नाव चार्ल्स. आणि ‘डॉफिन राजा’ म्हणणं आता पुरे झालं. ‘युवराज राजा’ असं आपण कधी म्हणतो का? फ्रान्सच्या गादीच्या वारसाला दोफॅं म्हणत (‘डॉफिन’ ही इंग्रजी वळणाची मोडतोड), आणि तो राजा झाला की ते बिरुद संपे. खुद्द जोन याबाबत काटेकोर होती. चार्ल्सचे वडील १४२२ मध्येच वारले होते, तरी १७ जुलै १४२९ रोजी रॅंसच्या कॅथीड्रलमध्ये त्याला अभिषेक होईपर्यंत ती त्याला दोफॅंच म्हणत राहिली.

आता शब्द. दोफॅं म्हणजे डॉल्फिन, तोच समुद्रातला. बाराव्या शतकात आल्प्सच्या पायथ्याशी राज्य करणाऱ्या चौथ्या गीग या सरदाराला ‘डेल्फिनस’ म्हणत. वंशजांनी ते नाव चालवलं, त्याची पदवी झाली आणि मुलखाला दोफिने म्हणू लागले. ढालीवर डॉल्फिन होता म्हणून नाव पडलं, असं ठोकून देणाऱ्यांनी क्रम उलटा लावला आहे. नाव आधीचं, चिन्ह मागून आलं. १३४९ मध्ये वारस नसलेल्या दुसऱ्या अंबेरने तो मुलूख फ्रान्सच्या राजघराण्याला विकला. क्रेसीच्या रणात इंग्रजांनी फ्रेंचांची दाणादाण उडवली, त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बिरुद फ्रेंच वारसाकडे आलं.

खरी गंमत पुढे आहे. ग्रीकमध्ये डॉल्फिन ‘देल्फिस’, आणि ‘देल्फुस’ म्हणजे गर्भाशय. अंडी न घालता पिल्लाला जन्म देणारा जलचर, म्हणून हे नाव. भाऊ ‘आदेल्फोस’, म्हणजे एकाच कुशीतला. फिलाडेल्फियातला ‘डेल्फ’ तोच. आता यजुर्वेदातले ‘भ्राता सगर्भ्यः’ हे शब्द बघा. घडण तीच, अर्थ तोच: ‘स’च्या जागी ग्रीक ‘आ’, ‘गर्भ’च्या जागी ‘देल्फ’. आपला गाभारा, गाभण गाय आणि फ्रान्सचा राजपुत्र हे एकाच मुळाचे.

‘गर्भ’ हा ‘ग्रभ्’ म्हणजे धरणे या धातूवरून आला, असं वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती देणारा प्राचीन निरुक्तकार यास्क सांगतो आणि पुष्कळ जण ते तसंच उतरवून घेतात. मला ते मुळीच पटत नाही. सगर्भ्य आणि आदेल्फोस ही जोडी इतकी चपखल जुळत असताना ती योगायोग मानायची, तर मानणाऱ्याने कारण द्यावं. ‘ग्रभ्’ने ग्रीक रूपाचा उलगडा होत नाही.

आणि ज्या युद्धात हा दोफॅं भेटतो, त्याचं मूळच कुशीच्या वादात आहे. १३२८ मध्ये चौथा चार्ल्स पुत्राविना वारला. त्याची बहीण इसाबेला, तिचा मुलगा इंग्लंडचा तिसरा एडवर्ड. म्हणजे सख्खा भाचा. फ्रेंच सरदारांनी मात्र चुलतभाऊ वाल्वाच्या फिलिपला गादीवर बसवलं. युक्तिवाद असा की बाईला गादी मिळत नाही, मग तिच्या पोटी आलेल्याला तिच्याकडून ती कशी मिळणार? इथे सॅलिक कायद्याचं, म्हणजे बायकांना वारसा नाकारणाऱ्या जुन्या फ्रँक कायद्याचं, नाव घेणारे पुन्हा घाई करतात. १३२८ मध्ये कुणी तो कायदा पुढे केला नव्हता, तो आधार नंतर शोधून काढला. पुढे १३३७ ते १४५३, मध्ये तह आणि खंड धरून ११६ वर्षं, हे चाललं.

‘युवराज’चं राहिलं. गोष्ट सांगताना चालेल. इतिहास लिहिताना दोफॅंच लिहावं, कारण आपल्याकडे युवराजाला यौवराज्याभिषेक करत. दोफॅं हा जन्माच्या क्रमाने ठरे. १४२० च्या त्र्वाच्या तहात वेडाचे झटके येणाऱ्या बापाने जोनच्या याच चार्ल्सचा वारसा काढून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला दिला. त्याच्या पक्षाच्या लोकांच्या लेखी तरीही दोफॅं तोच होता.