तीन राजे कोण टाकतं?

प्रिय बाळा,

परवा शेंगा लावून पोकर खेळल्यावर गच्चीवरून उतरताना तू तीनदा विचारलंस, "काका, तीन राजे कोण टाकतं?" जिन्यात मी गप्प राहिलो. शेंगा गेल्याचं तुला काही नव्हतं, पण कोणीतरी अन्याय केल्यासारखं तोंड झालं होतं.

डाव आठव. हातात दोन राजे. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी खाली उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, चौकट राजा, बदाम नव्वी, बदाम अठ्ठी. हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान आठ-नऊ वेळांत एकदा लागतं, तेव्हा तू हरखलास ते ठीकच. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिक दुर्री; रिव्हरला, म्हणजे शेवटचं, बदाम सत्ती. तू 40 शेंगा लावल्यास आणि रात्रभर नुसता कॉल करत, म्हणजे समोरच्याएवढंच घालत, बसलेल्या मामांनी 160 पुढे सरकवल्या. तेव्हा तू काय केलंस? आपलीच पानं उचलून पुन्हा बघितलीस! राजे काय बदलणार होते? अरे, खाली बघ, हातात नको. खाली तीन बदाम पडलेत, ज्याच्या हातात दोन बदाम त्याचा रंग झाला. गुलाम-दश्शीवाल्याची सिक्वेन्स, ओळीची पाच पानं, लागलीय. दोन्हींपुढे तीन राजे हरतात. आणि मामा जागे झालेत.

पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, आधीच्या 80, तुझ्या 40, मामांच्या 160, झाल्या 280. तुला आणखी 120 घालायच्या होत्या, म्हणजे दहात तीनदा तरी जिंकायला हवास. मामा दहात तीनदा थाप मारतात? की दोन जोड्यांवर एवढं लावतात? तसं असेल तर मी मिशी उतरवतो. आणि आधी घातलेल्या शेंगा "माझ्या" म्हणून मोजू नकोस, त्या पॉटच्या झाल्या.

मी शहाणपणा शिकवतोय असं वाटेल. अक्कलकोट रोडला माझे 4 पॉवरलूम होते, तुला माहीत आहे. चादर एक नंबर निघायची, आजही कोणी अंथरली असेल तर रंग गेला नसेल. गिऱ्हाईक मऊ, स्वस्त मिंक ब्लँकेटकडे वळलेलं दिसत होतं, आणि मी रोज आपलीच चादर हातात घेऊन म्हणायचो, असा माल कोण देतो! खाली बघितलंच नाही. चार वर्षं उशिरा माग विकले, भंगाराच्या भावात. अर्थात तेव्हाच सोडलं असतं तर कामगारांनी कुठे जायचं होतं? तेही होतंच. तुझी काकू म्हणते, कामगारांचं नाव पुढे करू नका. असो.

एक मात्र मान्य करतो. पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, की उत्तर मिळत नाही. हरलास तर निदान मामांचा रंग बघायला मिळतो. टाकलेल्या राजांचं काय झालं असतं, ते कोणी सांगत नाही. तुझ्याच्याने ते सोसत नाही, म्हणून तू कॉल करतोस. बघायला मिळावं म्हणून 120 शेंगा!

मीही एकदा तीन राण्या टाकल्या होत्या, खाली चार किलवर असताना. समोरच्याने पानं न दाखवता गड्डीत मिसळली. तो आता पुण्याला असतो. नंबर आहे माझ्याकडे. अजून विचारलेलं नाही.

तुझा,
काका