आबा, आधी गाणं तर ऐकू द्या

'मॅडम, दहा वर्षांचा झाला, पण एक जुनं गाणं धड ऐकत नाही ओ. आमच्यानंतर हे सगळं संपणार बघा.'

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आबा बसले होते, शेजारी नातू. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) आबा गिरणीतून निवृत्त झालेले. मुलाची तक्रार नव्हतीच, तो बुटाची नाडी सोडबांध करत होता. ही काळजी घेऊन माझ्याकडे बरेच आजी-आजोबा येतात आणि बहुतेकांना मुलाला 'वळण' लावून हवं असतं.

पहिल्या भेटीत मीही चुकलेच. रोज रात्री अर्धा तास जुनी गाणी, मग मोबाइल, असं वेळापत्रक करून दिलं. पंधरा दिवसांनी आबा आणखी वैतागून आले. जुनं गाणं म्हणजे मोबाइलच्या आधी गिळायचा काढा, असं पोराच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग मी मुलाशी एकट्याने बोलले. तो म्हणाला, 'आबा गाणं लावतात आणि मग बोलालेतच. आमच्या वेळी असं होतं, आताची गाणी म्हणजे नुसता धिंगाणा. मला गाणं ऐकूच येत नाही.'

आबांना विचारलं, नक्की काय लावता? तर गीतरामायण. पंढरपूरला जाताना गाडीत ओळीने. आता गदिमा-बाबूजींच्या या कामाबद्दल मला काय आदर आहे ते वेगळं सांगायला नको. पण पुणे आकाशवाणीवर १९५५ साली ते सुरू झालं तेव्हा ५६ गाणी वर्षभराहून थोडा जास्त काळ, आठवड्याला एक अशी आली. तेव्हाच्या मोठ्या माणसांनासुद्धा एका गाण्यावर आठवडाभर थांबावं लागायचं.

'तुम्ही कुठं ऐकलंत?' मी विचारलं.

'चाळीत एकाच घरी रेडिओ. आम्ही बाहेर गोट्या खेळायचो.'

'बसवलं होतं कुणी?'

आबा जरा थांबले. 'नाही ओ. कानावर पडायचं.'

त्यावरच काम केलं. आठवड्याला एकच गाणं, तेही हात कामात असताना. गाणं चालू असताना आबांनी गप्प बसायचं, पोराने विचारलं तरच सांगायचं. आणि बदल्यात पोराचं एक गाणं आबांनी नाक न मुरडता पूर्ण ऐकायचं. ही शेवटची अट आबांना सगळ्यात जड गेली. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण आपल्या आवडीला शिव्या घालणाऱ्या माणसाची आवड कोण कशाला उचलेल?

पुढच्या रविवारी घरात शेंगाचटणीचा घाट होता. आजोबा-नातू परातीपाशी बसून भाजलेल्या दाण्यांची सालं चोळत होते. 'साधी माणसं' मधलं 'ऐरणीच्या देवा' लागलं. आबा कसेबसे गप्प. दुसऱ्या कडव्याला पोराची बोटं परातीच्या काठावर वाजायला लागली. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, कुणी केलंय?

लता मंगेशकरांनी, पण संगीतकार म्हणून 'आनंदघन' हे नाव लावून, असं आबांनी सांगितलं. पोरगा खूश झाला. 'म्हणजे त्यांचं पण गेमसारखं वेगळं आयडी होतं की!' त्या नावाने त्यांनी आणखी कुठल्या चित्रपटांना संगीत दिलं, हे त्याने स्वतःच शोधून काढलं.

आबांनी त्याचं रॅपही ऐकलं. मत विचारल्यावर म्हणाले, 'शब्द लई भरभर म्हणतोय, पण श्वास कुठं घेतोय बे हा?' पोराला ही दाद वाटली. मलाही.

परवा आबांचा फोन आला. पोरगा रिक्षातून शाळेला जाताना मोठमोठ्याने गातो, पण 'हरणीच्या देवा' म्हणतो. 'सांगू का ऐरण म्हणजे काय ते?'

'त्यानं विचारलंय?'

'नाही.'

'मग थांबा की.'

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग आबा म्हणाले, 'रविवारपर्यंत थांबतो. त्यापुढं जमायचं नाही ओ.'