वाचकांचे प्रश्न: सवलतीतला पंचाहत्तर इंची टीव्ही

प्रश्न: ७५ इंची ४के टीव्हीवर ४० टक्के सवलत चालू आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत सोफा टीव्हीच्या भिंतीपासून ११ फुटांवर आहे आणि सोफ्यामागे मोठी खिडकी आहे. घरात मुख्यतः केबलवरच्या मालिका, सामने आणि रात्री एखादा सिनेमा पाहिला जातो. एवढा मोठा पडदा डोळ्यांना त्रास देईल का? आणि ४केचा आम्हाला खरोखर उपयोग आहे का?

उत्तर: आकाराची चिंता सोडा. ७५ इंची पडदा १६६ सेंटिमीटर रुंद असतो. सिनेमासाठी पडद्याने नजरेतला निदान ३० अंशांचा कोन व्यापावा, असा या क्षेत्रातला जुना संकेत आहे. त्या हिशोबाने रुंदीच्या १.८७ पट, म्हणजे सुमारे १० फूट २ इंचांवर बसायला हवे. तुम्ही त्याच्याही मागे आहात. तेव्हा ७५ इंच तुमच्या खोलीला बेताचाच आहे. पहिले काही दिवस तो अंगावर आल्यासारखा वाटेल, मग नजर सरावते.

४केचे गणित मात्र वेगळे निघते. ६/६ दृष्टी असलेल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा ओळखता येतो. या आकारात फुल एचडीचा एक पिक्सेल (चित्र ज्यांचे बनते तो ठिपका) ०.८६ मिलिमीटरचा असतो आणि पावणेदहा फुटांपलीकडे तो शेजारच्या पिक्सेलपासून वेगळा दिसत नाही. ४केचा पिक्सेल त्याच्या निम्मा. तो पाच फुटांपलीकडेच मिसळून जातो. तेव्हा ११ फुटांवरून फुल एचडीचे २१ लाख पिक्सेल आणि ४केचे ८३ लाख पिक्सेल यांत तुम्हाला फारसा फरक जाणवणार नाही. अर्थात म्हणून फुल एचडी शोधत फिरू नका. एवढ्या मोठ्या आकारात आता बहुतेक सगळे पॅनेल ४केच असते. ते तसेही मिळणारच आहे, त्यामुळे ‘४के आहे’ हे घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

पैसे कशाचे द्यायचे, तर काँट्रास्टचे (सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागातल्या फरकाचे) आणि उजेडाचे. एलसीडी टीव्हीत (दुकानात ‘एलईडी’ म्हणतात तो हाच) दोन मुख्य जातींची पॅनेल येतात. व्हीए पॅनेलचा मूळ काँट्रास्ट साधारण ३००० ते ६००० ला १, तर आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. रात्री दिवे मालवून सिनेमा लावला की आयपीएसवरचा काळा रंग राखाडी दिसतो. उलट व्हीए पॅनेल बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. तुमचा सोफा समोरच असेल तर व्हीए घ्या. खोलीच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत असतील तर आयपीएसचा विचार करता येईल.

खिडकी टीव्हीच्या समोर असल्याने उजेड ही तुमची खरी अडचण आहे. स्वस्त मोठ्या टीव्हींची चमक बरेचदा २५० ते ३५० निटपर्यंतच (निट हे चमक मोजण्याचे एकक) असते आणि दिवसा त्यावर खिडकीचे प्रतिबिंब दिसत राहते. ५०० निटच्या वर गेलात तर फरक पडेल. खिडकीला पडदा लावणे हाही उपाय आहे, आणि तो सगळ्यांत स्वस्त.

केबलबद्दल एक इशारा. तुमचे चॅनेल एसडी असतील, म्हणजे ५७६ ओळींचे, तर ७५ इंची पडद्यावर त्यातली एकेक ओळ १.६ मिलिमीटर जाड होते. तिचा ओबडधोबडपणा १८ फुटांपर्यंत डोळ्यांना खुपतो. तुमच्या जुन्या लहान टीव्हीवर तो लपत होता. टीव्ही घेण्याआधी एचडी सेट-टॉप बॉक्स आणि एचडी चॅनेल घ्या, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी ‘नव्या टीव्हीपेक्षा जुना बरा होता’ हे ऐकावे लागेल.

प्रश्न: सवलत खरी आहे की दाखवण्यापुरती, हे कसे ओळखायचे? मॉडेलचा क्रमांकही नेहमीच्या मालिकेपेक्षा एका अक्षराने वेगळा आहे.

उत्तर: त्या एका अक्षरातच सगळी मेख असू शकते. मोठ्या विक्रीच्या हंगामासाठी काही कंपन्या वेगळी मॉडेल काढतात. बाहेरून मालिका तीच दिसते. आत बॅकलाइटचे (पॅनेल उजळवणाऱ्या दिव्यांचे) विभाग कमी, चारऐवजी तीन एचडीएमआय पोर्ट, १२० ऐवजी ६० हर्ट्झचे (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारे) पॅनेल, साधा रिमोट, जुने वाय-फाय. शेवटचे अक्षर कधी नुसते विक्रीचा प्रदेश किंवा रंगही सांगते, त्यामुळे लगेच संशय घेऊ नका. पूर्ण क्रमांक पेटीवरून टिपा आणि कंपनीच्या तांत्रिक तक्त्याशी ओळीने ताडून पाहा. आणखी एक गोष्ट फार कमी ग्राहक तपासतात: एकाच मालिकेत ५५ आणि ६५ इंचांना व्हीए, पण ७५ इंचांना आयपीएस असे घडते. त्यामुळे ६५ इंची मॉडेलची परीक्षणे वाचून ७५ इंची टीव्ही घेऊ नका.

सवलतीचा टक्का छापील किमतीवर मोजलेला असतो, आणि त्या किमतीला तो टीव्ही फारसा कोणी घेतलेलाच नसतो. तुलना गेल्या दोन-तीन महिन्यांत तो प्रत्यक्ष कितीला मिळत होता त्याच्याशी करा. दुसरी तुलना वरच्या मालिकेतल्या एक आकार लहान टीव्हीशी. ५५ वरून ६५ इंचांवर गेलात की क्षेत्रफळ ४० टक्के वाढते, ६५ वरून ७५ वर ३३ टक्के. किमतीतली वाढ याहून कमी असेल आणि पॅनेल तेच असेल, तर मोठा आकार परवडला. पण किंमत जवळपास सारखी असून ६५ इंचीत लोकल डिमिंग (बॅकलाइट विभागवार मंद करण्याची सोय) असेल आणि ७५ इंचीत नसेल, तर आमचे मत ६५ च्या बाजूने. अपवाद फक्त बारा फुटांपलीकडे बसणाऱ्यांचा.

प्रश्न: दुकानात सगळेच टीव्ही सुंदर दिसतात. पंधरा-वीस मिनिटांत नेमके काय तपासायचे?

उत्तर: सुंदर दिसतात कारण ते दुकानासाठीच्या मोडमध्ये असतात: चमक पूर्ण, रंग भडक, आणि दाखवला जाणारा व्हिडिओ त्यासाठीच बनवलेला. आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करायला लावा. चित्र पिवळट आणि मंद वाटेल. खऱ्याच्या जवळ तेच असते.

घरून पेन ड्राइव्ह न्या. त्यात या गोष्टी व्हिडिओच्या रूपात भरा: पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा, ५ टक्के आणि ५० टक्के राखाडी, काळ्या पार्श्वभूमीवर सावकाश सरकणारा पांढरा ठिपका, आणि तुम्ही घरी पाहता तसल्या साध्या एचडी कार्यक्रमाचा एक तुकडा. फोटो नेऊ नका. अनेक टीव्हींवर फोटो दाखवणारे अ‍ॅप फुल एचडीतच चित्र काढते आणि पॅनेल ४के असूनही तुम्हाला ते धूसर वाटेल.

रंगीत पडद्यांवर मेलेले पिक्सेल दिसतात. ५० टक्के राखाडीवर मळकट डाग किंवा उभे पट्टे दिसले, तर मैदानावर कॅमेरा फिरताना सामन्यात तेच पट्टे हिरवळीवर तरंगताना दिसतील. सामने पाहणाऱ्यांनी ही तपासणी चुकवूच नये. ५ टक्क्यांवर कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड कळतो, त्यासाठी शक्य असेल तर आसपासचे दिवे बंद करायला सांगा. सरकत्या ठिपक्याबरोबर पडद्याची अख्खी उभी पट्टी उजळत असेल, तर दिवे कडेला आहेत. ठिपक्याभोवती लहानसे वलय दिसले तर मागे विभागवार दिवे आहेत, आणि वलय जितके लहान तितके विभाग जास्त. काहीच बदलले नाही आणि काळा रंग सगळीकडे सारखाच राखाडी राहिला, तर लोकल डिमिंग नाही, पेटीवर काहीही छापलेले असो. ‘डायरेक्ट एलईडी’ या शब्दाला भुलू नका. दिवे मागे असले म्हणजे ते विभागवार मंद होतातच असे नाही.

मग ४५ अंशांच्या कोनातून पाहा. रंग दुधाळ झाले तर बहुधा व्हीए. काही महागड्या व्हीए पॅनेलवर कोन सुधारणारा थर असतो, त्यामुळे हा पुरावा शंभर टक्के नाही.

‘एचडीआर’ची (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राची) खूण पाहून हुरळून जाऊ नका. त्या खुणेचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो, एवढाच असू शकतो. एचडीआर सिनेमे बरेचदा १००० निटचा पडदा धरून तयार केलेले असतात. ३०० निटच्या टीव्हीला ते सगळे दाबून बसवावे लागते, आणि ‘एचडीआर लावले की चित्र काळवंडते’ अशी जी तक्रार आमच्याकडे येते तिचे मूळ इथे आहे. ६०० निटच्या खाली एचडीआरसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

रिफ्रेश रेट विचारताना ‘पॅनेलचा मूळ आकडा किती?’ असेच विचारा. मोशन रेट, ट्रूमोशन, मोशनफ्लो या नावांपुढचे आकडे मूळ आकड्याच्या दुप्पट किंवा अधिक असू शकतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६० हर्ट्झवर एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवावे लागते, म्हणून कॅमेरा आडवा सरकताना दृश्य गचके खाते. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र बरोबर पाचदा बसते.

प्रश्न: मांडून ठेवलेला डिस्प्ले पीस आणखी स्वस्तात देत आहेत. घ्यावा का?

उत्तर: ओएलईडी (बॅकलाइट नसलेला, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा पडदा) असेल तर नको. पूर्ण चमकेवर, तोच व्हिडिओ आणि तेच बोधचिन्ह दिवसभर. बर्न-इनसाठी (स्थिर चित्राचा पडद्यावर कायमचा ठसा उमटण्यासाठी) याहून अनुकूल परिस्थिती नाही. बघायचेच असेल तर पूर्ण लाल आणि ५० टक्के राखाडी पडद्यावर कोपऱ्यांत बोधचिन्हाची सावली शोधा.

एलसीडीमध्ये बर्न-इनची भीती नाही, पण बॅकलाइट झिजतो. पांढऱ्या पडद्यावर निळसर किंवा जांभळट ठिपके दिसले तर दिव्यांवरचा फॉस्फरचा थर उतरू लागला आहे. असा टीव्ही सोडा. किती तास चालला हे अनेक टीव्हींच्या सर्व्हिस मेनूत दिसते, ते विक्रेत्याकडून काढून घ्या. पूर्ण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून लेखी मिळत असेल, पाय, रिमोट आणि स्क्रू सोबत असतील, तर विचार करायला हरकत नाही. वॉरंटीशिवाय मोठ्या पडद्याला हात लावू नये. पॉवर बोर्ड किंवा बॅकलाइटच्या पट्ट्या बदलता येतात, पण पॅनेल फुटले तर दुरुस्ती बरेचदा नव्या टीव्हीच्या जवळपास जाते.

प्रश्न: ८के टीव्ही चांगल्या ४के टीव्हीच्या किमतीला मिळतो आहे. भविष्याचा विचार करून तोच घेऊ का?

उत्तर: नको. ७५ इंची ८के पडद्याचा पिक्सेल सुटा पाहायला अडीच फुटांच्या आत बसावे लागेल. ८केमध्ये पाहण्याजोगे साहित्य नगण्य आहे, आणि तेवढ्याच चमकेसाठी ८के पॅनेलला वीज जास्त लागते, कारण दाट पिक्सेलमधून प्रकाश कमी आरपार जातो.

प्रश्न: सवलतीत ६५ इंची ४के टीव्ही घेतला. गेमिंग कन्सोल ४के १२० (१२० हर्ट्झचे ४के चित्र) दाखवतच नाही, आणि ओटीटीवरही चित्र कधीकधी धूसर होते. टीव्ही सदोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. क्रमाने तपासा. तुमच्या पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असेल तर विषय तिथेच संपला. १२० असेल तर पोर्ट पाहा: चारपैकी दोनच पोर्टना ४के १२० चालते, असे पुष्कळ टीव्ही आहेत. पोर्टशेजारी बहुधा बारीक अक्षरांत ‘४के १२०’ लिहिलेले असते. एचडीएमआय २.१ या नुसत्या आकड्यावर विसंबू नका, कारण त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल फॉरमॅट ‘एन्हान्स्ड’ करा. कारखान्यातून तो अनेकदा ‘स्टँडर्ड’वर येतो. केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हवी, ४८ गिगाबिटची.

ओटीटीसाठी ४केला निदान १५, शक्यतो २५ मेगाबिटचा स्थिर वेग लागतो. १५ मेगाबिटने तासाला पावणेसात जीबी खर्ची पडतात, डेटाला मर्यादा असेल तर हे लक्षात असू द्या. वर्गणीचा प्लॅन ४केचा आहे का, हेही पाहा. निम्म्या तक्रारींचे उत्तर तिथेच सापडते. टीव्हीला नेटची केबल जोडलीत तर तिचा पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचाच असतो. ओटीटीला तो पुरतो, पण ४के ब्लू-रेची मूळ फाइल सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकते, ती तिथे अडखळेल. टीव्ही नुसता संथ चालत असेल तर एखादी स्ट्रीमिंग स्टिक लावा. स्मार्ट भाग मंद आहे म्हणून चांगले पॅनेल परत करू नये.

प्रश्न: ७५ इंची टीव्ही घरात नेताना आणि लावताना काय अडचणी येतात?

उत्तर: पेटी साधारण १८० ते १९० सेंटिमीटर लांब आणि मीटरहून थोडी जास्त उंच असते. लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि घराचा दरवाजा आधी टेपने मोजा. टीव्हीचे वजन ३० ते ४० किलो, त्यामुळे दोन माणसे हवीत. पेटी उभीच न्यायची. आडवी ठेवली की पॅनेल स्वतःच्या वजनाने वाकते आणि एका धक्क्यात तडकते.

टेबलावर ठेवणार असाल तर दोन पायांमधले अंतर तक्त्यात पाहा. ते सव्वा मीटरहून जास्त असू शकते, आणि जुन्या टीव्हीचे टेबल इथेच अपुरे पडते. भिंतीवर लावताना वेसा माप (टीव्हीमागच्या स्क्रूच्या छिद्रांमधले अंतर) बहुधा ४०० बाय ४०० किंवा ६०० बाय ४०० मिलिमीटर, स्क्रू एम८. स्क्रूची लांबी पुस्तिकेत दिलेलीच घ्या. लांब स्क्रू आत बोर्डावर टेकतो. काँक्रीट किंवा विटांच्या भिंतीत अँकर चालतात, जिप्समच्या भिंतीत मागच्या सांगाड्यालाच ब्रॅकेट धरावे लागते. बसल्यावर डोळे जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर येतात. पडद्याचा मध्य तिथे आणायचा तर खालची कड साधारण ५८ सेंटिमीटरवर येईल. लावायला येणारा माणूस सवयीने त्याहून बराच वर लावतो, म्हणून भिंतीवर आधीच पेन्सिलने खूण करून ठेवा.

डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी पेटी त्यांच्यासमोर उघडा, टीव्ही चालू करा, पांढरा आणि काळा पडदा पाहा आणि पेटी फोडण्यापासून सगळ्याचे चित्रीकरण करा. तडा नंतर दिसला तर तो वाहतुकीत गेला की घरात, हे सिद्ध करणे फार अवघड जाते. पेटी आणि आतले थर्मोकोल परत करण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नका.