वांग्यातली अळी औषधाला दाद का देत नाही? - शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

आगशीहून विचारलंय, दोन वर्षांमागे ज्या औषधाने वांग्याची शेंडा-फळ पोखरणारी अळी पटकन मरायची तेच आता डबल मारलं तरी ती जिवंत, तिच्या अंगात नवीन काही तयार झालंय काय, आणि दुकानवाला म्हणतो अजून एक झाकण वाढवा. पेडण्याहून प्रश्न आहे की भातातलं गवत इतकं भातासारखं दिसतं की बेणणीला हाताला लागतच नाही. दोन्हीचं मूळ एक आहे म्हणून उत्तर एकत्र देतो.

आधी हे ऐका, झाकण वाढवू नका.

औषध खाऊन खाऊन अळी घट्ट होत नाही. शेतात हजारो अळ्या असतात, त्यातल्या दोन-चार जन्मतःच वेगळ्या, औषध पचवणाऱ्या. तुम्ही फवारलं, बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, त्यांचेच पतंग झाले आणि त्यांचीच अंडी पडली. आपल्या उकाड्यात महिना-सव्वा महिन्यात एक पिढी होते, मग एका हंगामात किती झाल्या बघा. सातशिरी भेंडीचं बी तुम्ही चांगल्या झाडाचंच राखता ना, तेच काम इथे पंप करतो, फक्त अळीचं. डबल डोस मारला की साध्या अळ्या तर जातातच, त्यांना खाणारे मित्रकीटकही जातात, आणि उरलेल्या चिवट अळ्यांना मैदान मोकळं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने १९५० च्या दशकातच जावामध्ये डीडीटीला दाद देणं सोडलं होतं, तेव्हा हे काही आजचं नाही.

नवीन काही तयार होतं काय, तर होतं, पण शून्यातून नाही. कधी कधी एखाद्या जीनची चुकून जादा कॉपी होते, एक कॉपी जुनं काम करत राहते, दुसरीत बदल झाले तरी बिघडत नाही, आणि तिला नवं काम सापडतं. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तोडणारं एन्झाइम असंच आलंय. अवयवांचंही तसंच, काकडीच्या फळमाशीला दोनच पंख दिसतात ना, मागच्या जोडीच्या दोन बारीक दांड्या झाल्या आणि उडताना तोल त्या सांभाळतात. लिंबाचा काटा म्हणजे मूळची फांदीच. मात्र अवयव बदलायला लाखो-करोडो वर्षं जातात, औषध पचवायला काही हंगाम पुरतात कारण निवड तुम्ही दर आठ दिवसांनी करताय.

पेडण्याच्या गवताचं बघा. जे रोप वेगळं दिसलं ते उपटलं गेलं, जे भातासारखं दिसलं ते बी टाकून गेलं. चीनच्या यांगत्से खोऱ्यात हे नाटक सुमारे १००० वर्षांपूर्वी सुरू झालं असं तिथल्या गवताच्या जीनवरून दिसतं. उपाय साधा, ओळीत लावा म्हणजे ओळीबाहेरचं ते गवत, नजर लावायची गरज नाही, आणि लोंबी यायच्या आत काढा.

आता दुकान. नाव बदललं म्हणजे औषध बदललं नाही! औषध किडीला कसं मारतं त्यावरून त्याला ग्रूप नंबर असतो, एकाच ग्रूपची औषधं एकाच तऱ्हेने मारतात. क्लोरान्ट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेन्डियामाइड दोन्ही ग्रूप २८, इमामेक्टिन ग्रूप ६, सायपरमेथ्रीन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीन दोन्ही ग्रूप ३. दुकानवाला एकदा हे देईल, मग "नवीन आलंय" म्हणून त्याच ग्रूपचं दुसरं गळ्यात मारेल. ग्रूप नंबर विचारा, सांगता येत नसेल तर घेऊ नका. दोन-तीन औषधं एका पंपात घालून कॉकटेल तर मुळीच नको, मी किती शेतात बघितलंय, खर्च तिप्पट आणि अळी तिथेच. डोस लेबलवरचा, कमीही नाही जास्तीही नाही. अळी फळात शिरल्यावर फवारून काय उपयोग, ती आत बसलेली, औषध बाहेर.

माझं ऐकायचं तर लावणीनंतर लवकरच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावा, त्यातली वासाची गोळी म्हणजे ल्युअर वेळेवर बदला, आणि सुकलेले शेंडे व किडकी वांगी दर आठवड्याला तोडून गोळा करून नष्ट करा, बांधावर फेकलीत तर अळी तिथेच कोष करते. कात्रीला कुठलीच अळी पुरून उरलेली नाही. हे करून गरज पडली तरच औषध, आणि पुढच्या वेळी वेगळ्या ग्रूपचं.

सापळ्यांवर सबसिडीचं विचारलंय, कृषी कार्ड घेऊन आपल्या झोनल ऑफिसात या, चालू काय आहे ते तिथे सांगतील, आणि येताना मारलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचे फोटो मोबाईलवर आणा.