दयासन आणि पाट्या

प्रिय मुली,
प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर मी नुसतं ‘बघू’ म्हणालो, त्याचा तुला राग आला असणार. टाळत नव्हतो. हातात पेन असल्याशिवाय मला धड सुचत नाही, मास्तरकीची सवय.

सुगीच्या सणाला लोक चर्चमध्ये आणून वाहतात त्या वस्तूंच्या लिलावाचे ३८,००० रुपये वहीत आहेत, बँकेत नाहीत. ते कुणाकडे अडकलेत हे तुला ठाऊक आहे, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना ठाऊक आहे आणि माझा अंदाज खरा असेल तर निम्म्या मंडळीलाही, म्हणजे चर्चच्या लोकांनाही, ठाऊक आहे. पंचांचं म्हणणं, जाऊ दे, म्हातारा माणूस, मंडळीसाठी जन्मभर झिजला, आपण ख्रिस्ती आहोत, दया करायची. तू खजिनदार, त्यांच्यात सगळ्यात लहान. हिशेब मागितला तर आपण निर्दय ठरू, ही तुझी भीती.

बैठकीत तुला ऐकवलेलं वचन आधी घेऊ: ‘दोष काढू नका.’ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. हे वचन सांगणारे बहुधा पाचव्या वचनापर्यंत पोचत नाहीत. कुसळ आणि मुसळ आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण प्रभू पुढे म्हणतो की आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. डोळा चुरचुरत असलेल्या माणसाला तसाच बसवून ठेवायचा आणि वर त्याला दया म्हणायचं, हे मला कधी पटलं नाही.

खरं तर ‘कधी’ लिहिलं ते चुकलं. एकदा पटलं होतं, आणि मी तसं वागलोही.

तीस-एक वर्षांपूर्वी मी एका मंडळीत पंच होतो. तिथेही असंच झालं होतं, रक्कम लहान, माणूस मोठा. आम्ही चौघांनी चहा पिता पिता ठरवलं की विषय काढायचा नाही. मला त्या रात्री फार बरं वाटलं, आपण किती मोठ्या मनाचे! पुढे काय झालं ते सांगतो. पैसे कमी पडले म्हणून चर्चची झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या माणसाचा पगार तीन महिने थकला. त्याने किराणा उधारीवर भरला. आणि ज्याच्यावर आम्ही ‘दया’ केली तो हळूहळू मागच्या बाकावर सरकला. प्रभुभोजनाला भाकरीची थाळी त्याच्याकडे यायची, तो ती दोन्ही हातांनी धरायचा आणि काही न घेता शेजाऱ्याकडे द्यायचा. महिन्यामागून महिने मी हे बघत होतो. नंतर तो यायचाच बंद झाला. आम्ही त्याला माफ केलंच नव्हतं, फक्त विचारलं नव्हतं. त्यालाही ते कळत होतं.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय कधी नीट वाचलायस? लहानपणी मला तो सुताराची वही वाटायचा, नुसती मापं. कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद. पुढे त्यावर झाकण म्हणून ठेवायचं शुद्ध सोन्याचं दयासन, तेही अडीच हात लांब, दीड हात रुंद. एका बोटाचाही फरक नाही. कोशात दहा आज्ञांच्या पाट्या, आणि त्यांच्यावर बेतून बसवलेली दया. दयासन ठेवायचं म्हणून पाट्या बाहेर काढा, असं कुणी मोशेला सांगितलं नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक रक्त शिंपडायचा ते याच दयासनावर आणि त्याच्यापुढे. आमच्या त्या चहाच्या बैठकीत आम्ही पाट्या आधी कपाटात ठेवल्या होत्या. खाली काही नसलं की झाकणही कशावर बसत नाही.

आता जक्कय, तो श्रीमंत जकातदार. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून रविवारच्या शाळेत तू त्याचं चित्र रंगवलं असशील. प्रभूने झाडाखाली उभं राहून जकातीचा हिशेब मागितला नाही. म्हणाला, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले. आणि मग जक्कय स्वतः उठून उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत.

त्या चौपटीकडे बघ. आपणहून अपराध कबूल करणाऱ्याला नियमशास्त्राप्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरावा लागे, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराची भरपाई. सवलत मिळत असताना हा माणूस चोराच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या घरी कुणी जेवायला आलं होतं, म्हणून त्याला ते जमलं. आम्ही चौघांनी हिशेब तर मागितला नाहीच, पण त्या माणसाच्या घरीही कुणी गेलो नाही. न्याय नाही आणि दयाही नाही, नुसता आमचा अवघडलेपणा वाचला.

आणखी एक, हे तुझ्या पंचांना जरूर सांग. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप आणि टिमथी ही दोन मुलं, दहा आणि सहा वर्षांची, गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि त्या पुढची काही वर्षं ओडिशातच कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. खटला मात्र चालला. २००३ साली मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली गेली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. क्षमेने खटला थांबला नाही, आणि खटल्यामुळे क्षमा खोटी ठरली नाही. बाईंना क्षमा करण्याचा हक्क होता, कारण गमावलं होतं त्यांनी.

तुमच्या लिलावात गमावलं कुणी? पंचांनी? घरची कोंबडी वेदीपाशी आणून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या बायांनी, आणि दोनशेचा भोपळा पाचशेला घेणाऱ्यांनी. दुसऱ्याच्या कनवटीचे पैसे सोडून देणं फार सोपं असतं गं.

तेव्हा बोर्डावर नाव लावू नकोस, पोलिसांचा विषयही आज नको. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी एकटी जा, मग एक-दोघांना घेऊन, आणि मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. जाण्याआधी तुझी स्वतःची वर्षभराची व्हाउचरं तपास. मागे तूच म्हणाली होतीस की मंडपाची एक पावती सापडत नाही. ती शोध, नाही सापडली तर ते त्यांना आधी सांग. मुसळ ते हेच.

संध्याकाळी जा, दिवे लागायच्या सुमारास. काकू चहा टाकतील, तो घे, घाईत आहे म्हणू नकोस. वही उघडायची ती चहा झाल्यावर, आणि काकूंसमोर नाही. ते रडतील किंवा तुझ्यावर ओरडतील. दोन्हींत गप्प बस. हप्ता किती ते त्यांना ठरवू दे, पाचशे म्हणाले तर पाचशे. पण पहिल्या पाचशेची पावती तिथेच फाड आणि त्यांच्या हातात दे, नाव-तारखेसकट.

एकटीने जायला अवघड वाटत असेल तर शनिवारच्या एसटीने मी येतो. घरात येणार नाही, कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबेन.

तुझा,
सर

ता. क. पावती पुस्तकात कार्बन घालायला विसरू नकोस.